एका होजचे दोन कबुलीजबाब

१

मुख्याध्यापिकाबाईंची शिडाची बोट बुडाली ती काही भर समुद्रात वादळाशी झुंजताना नव्हे. धक्क्याला बांधलेली, दोन्ही दोर पक्के, शीड नीट गुंडाळलेलं. आणि सकाळी रखवालदार चहाचा कप घेऊन बाहेर येतो तर पाण्यावर नुसती डोलकाठी आणि केबिनचं छप्पर. अंथरुणात पडून पाय मोडावा तसलाच हा प्रकार. लोक हळहळले, पण त्याआधी प्रत्येकाने विचारलं, "असं कसं झालं?"

दोन दिवसांनी क्रेनने बोट वर काढून लाकडी टेकूंवर ठेवली आणि विमा कंपनीने पाहणीसाठी आपल्या सर्वेअरबाई पाठवल्या. गोदीत त्यांना सगळे टॉर्चबाई म्हणत. भर उन्हातही त्यांच्या हातात टॉर्च असे, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची त्यांना खोड होती. वय पंचावन्न, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत.

बोट कशाने बुडाली हे कळायला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इंजिनापासून निघालेला शाफ्ट बोटीच्या बुडातल्या एका नळकांड्यातून बाहेर जातो आणि त्याच्या टोकाला पंखा फिरतो. शाफ्ट फिरायला तर हवा, पण समुद्र आत यायला नको. म्हणून आतल्या बाजूला शाफ्टवर एक पितळी ग्लँड बसवतात, आणि त्या ग्लँडला नळकांड्याशी जोडून ठेवते ती वीतभर रबरी होज. एवढ्या मोठ्या बोटीचा जीव त्या वीतभर रबरात. बाईंच्या बोटीची होज उभी फाटली होती. बॅटरी होती तोवर पंपाने इमानाने पाणी उपसलं, मग तोही थकला.

टॉर्चबाईंनी फाटलेल्या कडेवर उजेड टाकला. रबराच्या पोटात वेटोळी पोलादी तार होती, गंजून फुगलेली.

"तारेची होज," त्या म्हणाल्या. "ही इथे कोणी लावली?"

गोदीतला सगळ्यात जुना मिस्त्री टेकूला धरून उभा होता. सत्तरी उलटलेली, पन्नास वर्षं याच गोदीत बोटी दुरुस्त केलेल्या. तो पुढे आला, ती तार बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी लावली," तो म्हणाला. "आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो की इथे तार चालत नाही. कापलेल्या टोकातून खारं पाणी आत शिरतं, तार गंजते, फुगते आणि रबराला आतून फाडते. वरून काही कळत नाही. आणि मीच लावली. आठवत पण नाही मला."

आणि त्याने खिशातून आपल्या दुरुस्तीच्या शेडची किल्ली काढून गोदीच्या कारकुनापुढे धरली. कारकुनाने ती घेतली नाही. शुक्रवारी गोदीची समिती बसणार आहे, शेड तुमच्याकडे ठेवायची की नाही ते तिथे ठरेल, असं तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

तेवढ्यात मिस्त्रीच्या मागून त्याची सून पुढे आली. हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले दहा महिने पाण्यावर; शेडमध्ये सासऱ्याच्या बरोबरीने राबायची ती ही सून. इंजिनकामात तर तिने सासऱ्यालाही मागे टाकलं होतं.

"बाबांनी नाही," ती म्हणाली. "ती होज मी लावली."

सून असावी तर अशी, असं जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालंसुद्धा. मिस्त्रीने तिच्याकडे वळून न बघताच तिला गप्प केलं.

"सूनबाई, माझी चूक अंगावर घेऊ नकोस."

टॉर्चबाई मात्र तिच्या हातांकडे बघत होत्या. आजवर टॉर्चबाईंना होज होती पण गुन्हेगार नव्हता, अशी प्रकरणं पुष्कळ मिळाली होती. एका होजला दोन गुन्हेगार हे पहिल्यांदाच.

२

मुख्याध्यापिकाबाईंनी टॉर्चबाईंना घरी बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि वर्गात धडा समजावून सांगावा तशी सगळी हकिकत सांगितली. निवृत्त झाल्यावर बोट घेतली, ती जुनी होती, दोन वर्षांपूर्वी जमिनीवर काढून सगळी नीट करून घेतली. होज मिस्त्रीनेच लावली. सून त्या दिवशी शेडमध्ये दुसऱ्याच इंजिनात डोकं घालून बसली होती.

"तुम्ही स्वतः बघितलंत?"

"तीस वर्षं मी परीक्षेला राखण केली आहे," बाई म्हणाल्या. "समोरचा माणूस हातांनी काय करतोय ते माझ्या नजरेतून सुटत नाही. सोमवार होता. मी स्टूल टाकून बसले होते."

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. मिस्त्रीने कागदाची पट्टी नळकांड्याभोवती गुंडाळून माप घेतलं. पट्टी दुकानात नेली आणि होज आणली. ती साबणाच्या पाण्यात बुडवून चढवली, तेल लावू दिलं नाही. प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा, एकीचा स्क्रू इकडे तर दुसरीचा तिकडे. टॉर्चबाईंनी मान हलवली. बुडालेल्या बोटीतल्या क्लिपा अगदी अशाच होत्या. म्हणजे काम मिस्त्रीच्याच पद्धतीचं होतं आणि सुनेचा कबुलीजबाब पोकळ होता.

निघता निघता त्यांनी सहज विचारलं की मिस्त्री काम करताना काही बोलला होता का.

बाईंना हसू आलं. मिस्त्रीला शिकवायची फार हौस, त्या म्हणाल्या. आपण शिक्षिका म्हटल्यावर तर त्याला चेवच चढला. होज चढवण्याआधी त्याने ती बाईंच्या हातात दिली होती आणि अंगठ्याने दाबून बघायला सांगितलं होतं. कापडाचे पाच थर आहेत, पण जीव मऊ आहे, इंजिन हललं की हीसुद्धा थोडी हलते, म्हणून फाटत नाही, असं काहीसं.

"आणि तुम्ही दाबलीत?"

"दाबली की. अंगठा आत गेला."

टॉर्चबाई परत खाली बसल्या. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फाटक्या होजचा तुकडा काढला आणि जिथे रबर शाबूत होतं तिथे बाईंना दाबायला सांगितलं. बाईंनी एका अंगठ्याने दाबलं, मग दोन्ही अंगठ्यांनी. रबर तसूभर हललं नाही. आतली तार त्याला हलू देत नव्हती.

मुख्याध्यापिकाबाईंनी तो तुकडा परत केला.

"मी हातात घेतली ती ही होज नाही," त्या म्हणाल्या.

३

आता पंचाईत अशी की ही होज कोणी येता-जाता बदलावी अशी वस्तू नव्हे. ती काढायची तर इंजिन आणि शाफ्ट यांना जोडणारं कपलिंग खोलावं लागतं, शाफ्ट मागे ढकलावा लागतो, ग्लँड उतरवावी लागते. बोट पाण्यात असताना हे करायला जाल तर समुद्र तुमच्या मांडीवर येऊन बसेल. आणि गोदीच्या वहीप्रमाणे दोन वर्षांत बोट एकदाही वर काढलेली नव्हती. सोमवारी होज लागली, बुधवारी सकाळी बोट पाण्यात उतरली. जे काही झालं ते मधल्या मंगळवारी झालं.

टॉर्चबाई होजच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणजे एक वल्ली होता, प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देणारा. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीने कुठली होज नेली असं विचारलं तर म्हणाला, मिस्त्री कधी दुसरी नेईल का? मग त्याने मागच्या रॅकमधून त्याच जातीचा तुकडा आणून ठेवला. काळी, जाड भिंतीची, तेलाला दाद न देणारी, आत कापडाचे थर, तारेचं नाव नाही. टॉर्चबाईंनी दाबून बघितली. अंगठा आत गेला.

"आणि ही कोणाला विकलीत?" त्यांनी फाटका तुकडा पुढे ठेवला.

दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. ही इंजिनाचा धूर बाहेर नेणारी होज, तो म्हणाला. तिथे तार लागतेच, नाहीतर वळणावर होज चपटी होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उत्तम माल, महागातला. असा माल रोजच जातो, कोणाकोणाचं लक्षात ठेवणार?

"त्याच आठवड्यात. याच मापाची. वीतभरच. धुराची होज कोणी वीतभर नेत नाही."

दुकानदार काउंटर पुसायला लागला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसायला लागला. गोदीत तशी कुजबुज होतीच की त्याच्याच दुकानातून चुकीचा माल गेला असणार; आता हा मूग गिळून बसला म्हणजे दाल में काला, असं कोणालाही वाटलं असतं. पण टॉर्चबाईंना त्याच्या हातांत भीती दिसली नाही, संकोच दिसला. आपल्यावरचं किटाळ टळावं म्हणून माणूस इतका हळू पुसत नाही.

"या मापात सगळ्यात दणकट काय आहे ते द्या, असं मागितलं," तो शेवटी म्हणाला. "मी दिली. कुठे लावायची ते विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. ती चूक माझी. पण नाव नका विचारू. वाईट हेतूने मागितली नव्हती एवढं मला माहीत आहे."

४

मिस्त्री घरी सापडला नाही. तो शेडमध्ये हत्यारं आवरत होता, एकेक पाना पुसून फडक्यात बांधत होता. शुक्रवारपर्यंत सगळं मोकळं करून द्यायचं, उगाच समितीला आपल्याला हाकलायची वेळ आणायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. टॉर्चबाईंनी मदतीला म्हणून एक पेटी धरली, तर त्याने ती हळूच काढून घेतली.

त्याला शेड जाण्याचं इतकं वाटत नव्हतं. ते त्याने स्वतःच सांगितलं. काम कधीतरी थांबणारच. पण जी गोष्ट झोपेतसुद्धा चुकणार नाही ती चुकली, आणि चुकलेली आठवतही नाही, म्हणजे आता डोक्याचा भरवसा राहिला नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो पन्नास वर्षांतल्या बोटी मोजत होता आणि प्रत्येकीत आपण काय लावून ठेवलं असेल या विचाराने त्याला घाम फुटत होता. हे ऐकताना टॉर्चबाईंचा जीव गलबलला. माणसाची शेड काढून घेता येते, पण याने तर स्वतःचेच हात काढून ठेवले होते.

त्यांनी विचारलं, सोमवारी होज लावलीत, मग बोट उतरवण्याआधी पुन्हा बघितली नाहीत का?

"कशी बघणार? मंगळवारी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. धाकटी बहीण घेऊन गेली होती. बुधवारी डोळ्यावर पट्टी. बोट उतरवताना सूनबाईच उभी होती."

"सूनबाई दवाखान्यात आल्या नाहीत?"

"नाही आली. एरवी दाढ दुखली तरी बरोबर येते. म्हणाली शेडमध्ये काम आहे." मिस्त्रीने पाना पुसला. "मला थोडं वाईट वाटलं होतं खरं."

टॉर्चबाई तिथून तडक टेकूंवरच्या बोटीत चढल्या, गुडघ्यांची तक्रार न ऐकता इंजिनाच्या खड्ड्यात उतरल्या आणि कपलिंगवर उजेड टाकला. मिस्त्रीची एक पद्धत त्यांना माहीत होती. बोल्ट आवळून झाला की बोल्टच्या डोक्यावरून कपलिंगपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. पुढे रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट सैल झाला.

चार बोल्ट होते. चारही घट्ट होते, चारांवर अखंड पिवळी रेघ होती. पण तिच्याखाली आणखी एक पिवळी रेघ होती. अर्धी बोल्टवर, अर्धी कपलिंगवर, आणि दोन्ही अर्ध्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. बोल्ट एकदा आवळून रेघ ओढली होती, मग कोणीतरी ते काढून पुन्हा लावले होते आणि पुन्हा रेघ ओढली होती. त्याच डब्यातल्या रंगाने, त्याच सफाईने.

टॉर्चबाईंनी टॉर्च बंद केला. चोर काही रेघ ओढत बसत नाही.

५

सून शेडच्या मागे एका इंजिनाचे सुटे भाग डिझेलमध्ये धूत होती. टॉर्चबाईंनी पालथी बादली ओढून तिच्यासमोर बसत म्हटलं,

"तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं बोलताय. फक्त अर्धंच बोललात, म्हणून कोणाला पटलं नाही."

तिचे हात थांबले.

टॉर्चबाईंनी सावकाश सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई खोटं बोलत नाहीत. मिस्त्रीने सोमवारी होज लावली आणि बरोबर होज लावली. सूनही खोटं बोलत नाही. मंगळवारी तिनेही लावली. सासरा दवाखान्यात असताना तिने कपलिंग खोललं, त्याने लावलेली होज काढली, दुकानातली सगळ्यात दणकट आणून बसवली, आणि त्याच्याच पद्धतीने क्लिपा लावून, रेघ ओढून सगळं पूर्ववत केलं. काम त्याच्या हातचं दिसतं, कारण ती त्याच्याच हाताखाली शिकली.

"फक्त एक कोडं मला सुटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे का केलंत?"

सुनेने डिझेलचे हात फडक्याला पुसले, पुसतच राहिली, आणि मग बोलली. तीन वर्षांपूर्वी सासऱ्याने एका इंजिनाचं तेल बदललं आणि खालचा बोल्ट अर्धाच आवळला. तिला दिसला, तिने आवळून टाकला, बोलली नाही. मग एक पाइप उलटा लागला. तोही तिने गुपचूप सुलटा केला. तेव्हापासून तो घरी गेला की ती मागे राहून त्याचं दिवसभराचं काम डोळ्यांत तेल घालून तपासायची आणि खटकेल ते नीट करायची. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवसापासून हत्याराला शिवले नसते. तुम्ही त्यांना ओळखत नाही."

त्या सोमवारी संध्याकाळी तिने होज दाबून बघितली आणि तिचा अंगठा आत गेला. ती हादरली. पाण्याखालच्या भोकाला अशी मऊ नळी? सासऱ्याने नजरचुकीने पंपाची होज लावली असणार, दुसऱ्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे दिसतच नसणार, असं तिला वाटलं. शाफ्टची होज दहा-पंधरा वर्षांतून एकदा बदलते. इंजिनं तिने शेकड्यांनी खोलली होती, पण हे काम तिने आधी कधी बघितलंच नव्हतं, आणि तारेबद्दल सासरा ज्या सगळ्यांना सांगत आला त्यात शेजारी राबणारी ती राहूनच गेली होती. दुकानात जाऊन तिने सगळ्यात दणकट मागितली.

"बाबांना विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं," ती म्हणाली. "पण विचारायचं म्हणजे सांगायचं, की मी तुमच्या मागून तपासते. म्हणून नाही विचारलं."

टॉर्चबाईंच्या घरी त्यांची ऐंशी वर्षांची आई होती. रोज सकाळी आईने गॅस बंद केला की या स्वयंपाकघरात जाऊन तो बंद आहे का ते बघायच्या, आई पाठमोरी असताना. आपण हे किती प्रेमाने करतो असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

"माझं नाव लिहा," सून म्हणाली. "माझं काम बंद करा. पण मी त्यांना तपासत होते, एवढं लिहू नका."

"मग त्यांना कळणार कसं की ते बरोबर होते? ते शेड सोडताहेत ते समितीच्या भीतीने नाही. आपलं डोकं गेलं असं त्यांना वाटतंय. आणि तसं वाटण्याचं कारण ही होज आहे, जी त्यांनी लावलीच नाही."

सुनेने मान खाली घातली. टॉर्चबाई उठल्या, आणि उठता उठता त्यांच्या मनात एक शंका आली.

"अशी तारेची होज तुम्ही आणखी कुठे बसवलीत?"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

"एका बोटीत. गेल्या वर्षी. दातांच्या डॉक्टरांच्या." ती उभी राहिली. "ते उद्या सकाळी निघताहेत. बायको-मुलांना घेऊन, बेटापर्यंत."

६

सासऱ्याला सांगायचं काम सुनेने स्वतः केलं. टॉर्चबाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. ती एका दमात बोलली. तीन वर्षांचं सगळं, बोल्टापासून होजपर्यंत, आणि शेवटी डॉक्टरांची बोट.

मिस्त्री पेटीवर बसून ऐकत होता. तो चिडेल, रडेल, उठून जाईल, असं टॉर्चबाईंना वाटत होतं. त्याने यातलं काही केलं नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा.

"मी तार लावली नव्हती?"

"नाही बाबा."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही बरोबर लावली होती. मी काढली."

म्हाताऱ्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावर घेतले आणि एक लांब श्वास सोडला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीतून हवा पूर्ण बाहेर पडली असावी. मग त्याने विचारलं की तीन वर्षांत तिने त्याची किती कामं पुन्हा केली. ती म्हणाली, अकरा. त्यातल्या किती ठिकाणी खरंच त्याची चूक होती?

"पाच," ती म्हणाली.

"खोटं नाही ना बोलत? कमी करून?"

"नाही बाबा. पाच."

पाच हा आकडा काही लहान नव्हता आणि तो कोणी लहान करून सांगायचा प्रयत्नही केला नाही. मिस्त्रीने तो गिळला.

"पाच मला कळायला हव्या होत्या, पोरी," तो म्हणाला. "कळल्या असत्या तर मी चष्मा बदलला असता, दोनदा बघितलं असतं. नाहीतर काम सोडलं असतं. पण ते मी ठरवलं असतं. तू मला ठरवू दिलं नाहीस."

सून रडायला लागली. तो उठला, तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि एक बोचकं सोडून त्यातून मोठा पाना काढला.

"डॉक्टरला फोन लाव. आधी ती बोट वर काढू, मग रडू."

७

डॉक्टरांनी फोनवर बरीच आदळआपट केली. मुलांच्या पिशव्या भरून झाल्या होत्या, वारा चांगला होता, आणि वर्षभरात थेंबभर पाणी आत आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्रेनने बोट उचलली, सुनेने कपलिंग खोललं, होज काढली आणि टॉर्चबाईंनी तिच्या कापलेल्या तोंडावर उजेड धरला. तार तांबूस झाली होती. होजच्या पोटावर एका जागी करंगळीएवढा फुगवटा आला होता. डॉक्टरांनी त्या फुगवट्याला हात लावला, मग मागे उभ्या असलेल्या आपल्या दोन मुलांकडे बघितलं, आणि नंतर आवाज चढवला नाही.

शुक्रवारी समितीपुढे टॉर्चबाईंनी अहवाल वाचला. त्यात काही लपवलं नव्हतं आणि काही तिखटमीठही लावलं नव्हतं. सुनेला विचारलं तेव्हा तिने उभं राहून सगळं सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई बोलावणं नसताना आल्या होत्या. आपली बोट याच शेडमध्ये दुरुस्त होईल, आणि कोणाला शिक्षाच करायची असेल तर दोघांनी एकमेकांशी बोलावं ही करा, असं सांगून त्या खाली बसल्या. समितीने शेड मिस्त्रीकडे ठेवली. अट एकच घातली: यापुढे प्रत्येक कामाच्या कागदावर सासरा आणि सून दोघांच्या सह्या हव्यात, आणि दुसऱ्याची सही काम बघितल्याशिवाय नको.

शनिवारी डॉक्टरांच्या बोटीत नवी होज लागली. टॉर्चबाईंचं तिथे काही काम नव्हतं, तरी त्या आल्या आणि वरून टॉर्च धरून उभ्या राहिल्या. मिस्त्रीने कागदाच्या पट्टीने माप घेतलं, होज सुनेच्या हातात देऊन तिला अंगठ्याने दाबायला लावली, कापडाचे थर मोजायला लावले, मग साबणाच्या पाण्यात बुडवून चढवली. एका टोकाला दोन क्लिपा, दुसऱ्या टोकाला दोन. त्याला वेळ लागत होता. कोणी घाई केली नाही. शेवटचा स्क्रू आवळून तो मागे टेकला आणि त्याने कपाळ पुसलं.

सून खाली वाकली. एकेका क्लिपवरून तिने बोट फिरवलं. चौथ्या क्लिपपाशी तिचं बोट थांबलं. टॉर्चबाईंना वरून ते दिसलं. आजवर असं झालं की ती काही न बोलता उठायची, आणि संध्याकाळी परत यायची.

"बाबा," ती म्हणाली. "खालची आतली क्लिप सैल आहे."

मिस्त्रीने हात पुढे केला, स्क्रूड्रायव्हर लावला आणि फिरवला. तो चांगला दीड फेरा फिरला.

"हो," तो म्हणाला. "सैल होती."

त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. मग सुनेकडे.

"बाकीच्या तीन?"

"घट्ट आहेत. मी बघितल्या."

"पुन्हा एकदा बघ," म्हातारा म्हणाला, आणि तिला नीट हात घालता यावा म्हणून बाजूला सरकला.